बत्ती बदलली, दीपस्तंभ तोच का?

व्याख्यानाचा विषय फलकावर लागल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय. वाशीमला समुद्र नाही, जवळपासही नाही, मग दीपस्तंभ कशाला? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या जिल्ह्याचा नकाशा जरा बघा. काटा परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात पोहोचतं. दक्षिणेकडचं पाणी पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात. म्हणजे आपल्याकडे पाऊस पडला की तो दोन समुद्रांना वाटला जातो. आम्ही समुद्राचे अगदीच परके नाही.

दुसरा धागा कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. गाठी मुंबई बंदरात जायच्या आणि तिथून जहाजात. त्याच १८६७ मध्ये मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या समोरच्या खांदेरी बेटावर दीपस्तंभ उभा राहिला. आमच्या पणजोबांच्या शेतातल्या बोंडांनी ती बत्ती पाहिली असेल, एवढं म्हणायला हरकत नसावी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही निवृत्त मंडळी मुद्दाम खांदेरीला गेलो. समृद्धी महामार्गामुळे आता मुंबई जवळ आली आहे, गुडघे मात्र होते तिथेच आहेत. थळहून मासेमारीची होडी ठरवावी लागते. बेट किनाऱ्यापासून साधारण ५ किलोमीटर. शेजारी उंदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारींनी खांदेरीवर तटबंदी घालायला घेतली. इंग्रजांनी जहाजं पाठवून अडवायचा प्रयत्न केला, पण काम थांबलं नाही. उत्तरादाखल सिद्दीने उंदेरी धरलं. पुढे आंग्रे आले, १८१८ नंतर इंग्रज आले, मग ही बत्ती आली. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं गेलं. आपला वाशीम जिल्हाही १९९८ चाच, त्यामुळे आमच्यातल्या एकाने बेटाला लगेच ‘वर्गबंधू’ करून टाकलं.

बेटावर काय दिसतं? तट, चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा, वेताळाचं देऊळ, ठोकला की धातूसारखा वाजणारा एक खडक, आणि या सगळ्यांच्या वर पांढरा अष्टकोनी मनोरा. कोळी बांधवांचं दैवत वेताळ, मराठ्यांचा तट, इंग्रजांची बत्ती, आणि आता ती चालवणारं भारत सरकारचं दीपस्तंभ खातं. चार काळ एकाच खडकावर शेजारी नांदतात.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात खांदेरी आहे. आनंदच आहे. पण लगेच एक सूर ऐकू येतो की आता किल्ला ‘मूळ रूपात’ आणा, इंग्रजांचा मनोरा तिथे शोभत नाही. आम्हाला हा विचार पटत नाही. मूळ रूप म्हणजे कोणत्या वर्षीचं? १६७९ चं म्हणाल, तर तेव्हा तट अर्धाच होता. स्पेनमध्ये आ कोरुन्या इथे हर्क्युलिसचा मनोरा आहे. आतला गाभा रोमन काळातला, बाहेरचं दगडी अंग १८ व्या शतकाच्या अखेरीस चढवलेलं, आणि त्यात बत्ती आजही जळते. तोही जागतिक वारसाच आहे. वरचं अंग सोलून आतला रोमन मनोरा काढा, असं तिथे कोणी म्हणत नाही.

इथून आमच्या विषयाला, म्हणजे तत्त्वज्ञानाला, तोंड फुटतं. ग्रीकांकडे थीसियसच्या जहाजाचा प्रश्न आहे. एकेक कुजलेली फळी बदलत गेलो आणि शेवटी सगळ्याच फळ्या नव्या झाल्या, तर जहाज तेच का? हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात गाठ मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? वर्गात मुलं म्हणायची, सर, असं कुठे होतं का! तर होतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर एडिस्टोन नावाचे खडक आहेत. त्यांवर जॉन स्मीटनने १७५९ मध्ये दीपस्तंभ पुरा केला. शंभरेक वर्षांनी लक्षात आलं की मनोरा ठणठणीत आहे, त्याखालचा खडकच लाटांनी पोखरला जातोय. शेजारच्या खडकावर नवा दीपस्तंभ बांधला, १८८२ मध्ये तो पेटला. स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग दगड दगड उतरवून प्लिमथच्या टेकडीवर पुन्हा उभारला. तळाचा बुंधा समुद्रातच राहिला. आता सांगा, स्मीटनचा दीपस्तंभ कुठे आहे? टेकडीवर दगड आहेत पण काम नाही. समुद्रात काम चालू आहे पण दगड दुसरे. आणि बुंधा बिचारा जागा धरून बसलाय.

इतक्या लांब जायला नको असेल तर गोव्याला जा. आग्वाद किल्ल्यातला पोर्तुगीज दीपस्तंभ १८६४ चा. १९७६ मध्ये त्याचं काम थांबलं आणि ते जवळच्या नव्या मनोऱ्याकडे गेलं. पर्यटक फोटो काढतात जुन्याचे, नावाडी बघतो नव्याकडे.

नावाडी काय बघतो, हे जरा समजून घेऊ. रात्री त्याला मनोरा दिसतच नाही, फक्त उजेड दिसतो. किनाऱ्यावर उजेड काय पुष्कळ असतात. म्हणून प्रत्येक दीपस्तंभाच्या उजेडाला स्वतःची चाल दिलेली असते. किती सेकंदांनी लुकलुकायचं, एकदा की दोनदा, मध्ये अंधार किती, हे सगळं ठरलेलं आणि सागरी नकाशांत छापलेलं असतं. ती चाल बदलायची झाली तर जहाजांना आधी रीतसर सूचना द्यावी लागते. ती न देता कोणी हौसेने बदलली, तर नावाडी भलत्याच खडकाला ओळखीचा समजेल. दिवसा ओळख पटते ती रंगावरून. मुंबईच्या कुलाब्यापुढे प्राँग्स रीफचा १८७५ चा मनोरा आहे, त्यावर रंगाचे पट्टे आहेत. ते पट्टे म्हणजे सजावट नव्हे, ती नावाची पाटी आहे.

आणि उजेड करणारी वस्तू? ती सारखी बदलत आली. आधी तेलाच्या वाती. मग रॉकेलची वाफ करून जाळीदार मेंटल तापवायची पद्धत आली, म्हणजे आपल्या वरातीतली गॅसबत्तीच, फक्त फार मोठी. मग विजेचा दिवा, आता एलईडी. भोवतीच्या काचेची गोष्ट मात्र मोठी सुंदर आहे. लांबवर झोत टाकायचा तर फुगीर भिंग लागतं, ते इतकं जाड होतं की मनोऱ्याला पेलवत नाही. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने ओळखलं की प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर, मधली जाडी फुकटची. त्याने भिंगाची वर्तुळाकार कडी केली आणि मधली काच काढून टाकली. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपस्तंभावर असं भिंग बसलं. काही ठिकाणी तर कित्येक टनांचा हा काचेचा डोलारा पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवायचे, बोटाने ढकलला तरी फिरे. आता असा दीपस्तंभ दुरुस्त करताना तोच पारा डोकेदुखी होतो, कारण त्याची वाफ विषारी असते.

मिलिंदपञ्हात हा प्रश्न फार पूर्वीच येऊन गेला आहे. ज्या राजाचं नाव डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला दिलं, तो हा मिलिंद. नागसेन त्याला विचारतो, रात्रभर दिवा जळला, तर पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? राजा म्हणतो, नाही. मग पहिल्या प्रहरी एक दिवा आणि शेवटच्या प्रहरी दुसरा होता का? तेही नाही, एकाच दिव्याच्या आधाराने उजेड रात्रभर राहिला. तात्पर्य, ‘तेच’ आणि ‘वेगळं’ हे दोनच कप्पे पुरत नाहीत, मधे सातत्य नावाची गोष्ट आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू की सातत्य कशाचं, हे कोण बघतंय त्यावर ठरतं. नावाड्यासाठी चालीचं सातत्य, इतिहासकारासाठी दगडाचं, गावासाठी जागेचं. होडीवरच्या नाखव्याला आम्ही विचारलं, आता जीपीएस आहे, बत्ती कशाला? तो म्हणाला, “मास्तर, यंत्रावर बोट दिसतं. बत्ती दिसली का घर दिसतं.”

म्हणून जीर्णोद्धाराला हात घालण्याआधी विचारायचं, ही वस्तू कोणासाठी काय आहे? त्यावरून ठरतं काय बदलायला मोकळीक आहे आणि कशाला हात लावायचा नाही. वात जाऊन एलईडी आला, तक्रार नाही. चाल मात्र तीच हवी. दगड तोच हवा, पण दोन दगडांमधली दर्ज नवी भरायला हरकत नाही, किंबहुना ती त्यासाठीच असते. फक्त कशाने भरायची हा लाखमोलाचा प्रश्न आहे.

आपल्याकडे जुनं बांधकाम म्हणजे चुना. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, मुरवत ठेवायचा, वाळू किंवा विटांची सुर्खी घालून बैलाच्या घाणीत मळायचा. त्यात गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालत. चुन्याची दर्ज दगडापेक्षा मऊ असते आणि तिच्यातून ओल बाहेर पडते. भिंतीत खारट ओल आली तर ती दर्जेतून वाळते, मीठ तिथे साचतं आणि झिजते ती दर्ज. पन्नास-शंभर वर्षांनी गवंड्याने ती खरवडून पुन्हा भरायची. सिमेंट घट्ट, कडक. ओलीची वाट बंद होते, मग ती दगडातून वाट काढते. मीठ दगडाच्या अंगात साचतं, आणि काही वर्षांत सिमेंटची रेघ जशीच्या तशी आणि शेजारचा दगड पापुद्र्यांनी सुटलेला, असं उलटं चित्र दिसतं. खार फक्त समुद्रात नसतो, आपल्या जमिनीतल्या ओलीतही असतो.

‘पक्कं काम’ करण्याची घाई विद्वानांनाही सुटलेली नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी रंगली. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी निसटते पापुद्रे चिकटवले, हे उपकारच. पण वरून लाखेचं वार्निश दिलं, ते पुढे पिवळं पडलं, आणि ते काढण्याचं नाजूक काम पुरातत्त्व खात्याला नंतर कित्येक वर्षं करावं लागलं. हेतू शुद्ध होता. लावलेली गोष्ट पुन्हा काढता येईल का, एवढं विचारायचं राहून गेलं.

आता हे सगळं आज का सांगतोय ते सांगतो. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात, नाव राहू द्या, देवळापुढे जुनी दगडी दीपमाळ आहे. त्रिपुरी पौर्णिमेला उजळते. दोन दिवे ठेवायचे हात तुटलेत, बुंध्याची दर्ज गेली आहे, माळ थोडी कलली आहे. गावाने वर्गणी काढली. ठरलं असं, की सिमेंटचा गिलावा करायचा, वर ऑइलपेंट, आणि विजेच्या माळा. गावकऱ्यांनी आमचं मत विचारलं, तिथे जाऊन बोललो तेच इथे बोलतोय.

विजेच्या माळांना आमचा विरोध नाही, फक्त खिळे ठोकू नका, दोरीने बांधा. पौर्णिमेच्या रात्री मात्र खालच्या ओळीत तरी पणत्या लावा, ती तिची चाल आहे. गिलाव्याला पूर्ण विरोध. दगडाची माळ झाकून टाकायची, तर मग दुरुस्ती कोणाची केली? तुटलेले हात सापडत असतील तर तेच बसवा. नसतील तर शेजारच्या हातांवरून पाथरवटाकडून नवे घडवून घ्या आणि पाठीमागे बारीक अक्षरांत साल कोरा, म्हणजे पुढच्याची फसगत होणार नाही. शेंड्यावर काय होतं ते कोणालाच आठवत नाही, तर अंदाजाने कळस बसवू नका. काम सुरू करण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या. कललेपण खालच्या मातीमुळे आहे का, हे आधी उकरून बघा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एडिस्टोनला मनोरा शाबूत होता आणि खडक गेला, हे विसरू नका.

अडचण चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याची आहे. एक सत्तरीचे गृहस्थ सापडले आहेत, त्यांनी वडिलांच्या हाताखाली घाणी चालवली होती. दोन तरुण त्यांच्याकडे शिकायला तयार आहेत. चुना आताच भिजत घातला आहे, काम पावसाळ्यानंतर. सिमेंटची चाळीस पोती तर आधीच येऊन पडली होती, त्यावरून बैठकीत बराच वाद झाला. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, शाळेचं कुंपण पडलंय, पोती तिकडे न्या.