मेंदूतील रक्तवाहिन्यांचे आरोग्य आणि स्मृतिभ्रंश : नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी समाजात इतकी रुळली आहे की, वृद्ध व्यक्तीची बुद्धी मंदावणे हा वयाचा स्वाभाविक परिणामच मानला जातो. घरातील आजी एकच प्रश्न वारंवार विचारू लागल्या, आजोबा नेहमीची वाट चुकू लागले, तर 'म्हातारचळ लागला' असे म्हणून तो विषय संपविला जातो. आधुनिक वैद्यकशास्त्राच्या मते स्मृतिभ्रंश ही मेंदूच्या निरनिराळ्या विकारांतून उद्भवणारी अवस्था आहे. या विकारांपैकी रक्तवाहिन्यांचे विकार बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे असल्याने त्यांचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात मेंदूतील रक्तवाहिन्या व स्मृतिभ्रंश यांचा संबंध स्पष्ट करून नाशिकसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मेंदूचा रक्तपुरवठा

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. त्याच्याजवळ प्राणवायूचा वा शर्करेचा म्हणण्यासारखा साठा नसतो. त्यामुळे रक्तप्रवाह काही मिनिटे थांबला तरी चेतापेशी मृत होऊ लागतात. मेंदूच्या पृष्ठभागावरील मोठ्या धमन्यांपासून निघालेल्या अतिशय बारीक शाखा खोलवरच्या भागाला रक्त पुरवितात. या शाखांना पर्यायी मार्ग फारसे नसतात. शेताच्या टोकाला पाणी नेणारी एकच चारी बुजली तर तेथील पीक वाळते, तशीच या भागाची अवस्था असते.

रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिल्यास या बारीक धमन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात आणि आतील पोकळी अरुंद होते. मधुमेह, धूम्रपान व रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे ही हानी अधिक वाढते.

हानीचे तीन प्रकार

या हानीचे स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार पक्षाघाताचा. मोठी धमनी बंद पडल्याने किंवा फुटल्याने मेंदूचा मोठा भाग निकामी होतो आणि त्यानंतर काही रुग्णांत स्मृतिभ्रंश निर्माण होतो. दुसऱ्या प्रकारात बारीक धमन्या एकामागून एक बंद पडून लहान लहान आघात होतात. त्यांतील अनेक आघात रुग्णाला जाणवतही नाहीत. तिसऱ्या प्रकारात रक्तपुरवठा दीर्घकाळ अपुरा राहिल्याने मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचे, म्हणजेच श्वेतद्रव्याचे, आवरण हळूहळू झिजते.

येथे 'स्मृतिभ्रंश' या मराठी संज्ञेची एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. रक्तवाहिन्यांच्या विकारात स्मरणशक्ती आरंभी बरीचशी शाबूत असू शकते. विचारांची गती मंदावणे, हिशेब व नियोजन न जमणे, निर्णय घेता न येणे, उत्साह ओसरणे आणि चाल अडखळणे ही लक्षणे प्रथम दिसू शकतात. 'विसर पडत नाही, म्हणजे आजार नाही' असा समज झाल्यास उपचाराची संधी हुकते.

अल्झायमर विकाराशी संबंध

१८९४ मध्ये ओटो बिन्सवांगर यांनी श्वेतद्रव्याच्या झिजेशी निगडित बौद्धिक ऱ्हासाचे वर्णन केले. १९०६ मध्ये आलॉइस अल्झायमर यांनी पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या विकाराची पहिली मांडणी केली. हे दोन विकार दीर्घकाळ परस्परांहून सर्वस्वी भिन्न मानले गेले. अमेरिकेतील जोगिणींच्या दीर्घकालीन अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, मेंदूत अल्झायमरची लक्षणे असलेल्या ज्या जोगिणींना लहान आघातही झाले होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. म्हणजेच रक्तवाहिन्या निरोगी असतील तर मेंदू अल्झायमरचा भारही अधिक काळ पेलू शकतो.

भारतातील स्थिती

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील पाहणीत ६५ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासाने ६० वर्षांवरील व्यक्तींत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असे अनुमानिले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्याने या फरकावरून वाढीचा थेट निष्कर्ष काढता येत नाही. तथापि नव्या अभ्यासात ग्रामीण भागातील प्रमाण शहरी भागापेक्षा अधिक आढळले, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे. 'खेड्यातील मोकळी हवा आणि कष्टाचे जीवन' मेंदूचे रक्षण करते, या गृहीतकाला त्यातून आधार मिळत नाही.

प्रतिबंधाचे पुरावे

अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी घटले. मात्र स्मृतिभ्रंशातील घट संख्याशास्त्रीय निकषावर सिद्ध झाली नाही. २०२५ मध्ये चीनच्या ग्रामीण भागातील ३२६ गावांत झालेल्या अभ्यासाने ही उणीव भरून काढली. सुमारे ३४ हजार उच्च रक्तदाबग्रस्तांच्या या अभ्यासात ग्रामवैद्यांनी नियमित तपासणी व औषधोपचार केलेल्या गावांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ४ वर्षांत १५ टक्क्यांनी कमी आढळले. हे कार्य मेंदूविकारतज्ज्ञांनी नव्हे, तर गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केले होते.

नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने हा मुद्दा मोलाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ६१ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या या जिल्ह्यात एकीकडे १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तर दुसरीकडे सुरगाणा व पेठसारखे दुर्गम आदिवासी तालुके आहेत. तेथील वृद्धाला मेंदूचे चित्रण करून घेण्यासाठी शहर गाठावे लागते. रक्तदाब मात्र गावाजवळच्या उपकेंद्रातही मोजता येतो. ३० वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेह तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही महाराष्ट्राचा पहिल्या टप्प्यापासून सहभाग होता. अडचण उद्भवते ती सातत्याची. उच्च रक्तदाबाचा त्रास सहसा जाणवत नाही; त्यामुळे बरे वाटू लागताच गोळ्या परस्पर बंद केल्या जातात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वार्धक्यात प्रकट होणाऱ्या बौद्धिक ऱ्हासाचा एक महत्त्वाचा भाग मध्यम वयात रक्तवाहिन्यांत रुजतो. झालेली हानी भरून काढणारे औषध आज उपलब्ध नाही. म्हणून प्रतिबंधाला पर्याय नाही. या कार्यात महाविद्यालये मोलाचा हातभार लावू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रक्तदाब तपासणीबरोबरच औषधातील सातत्याचे महत्त्व पटवून देता येईल. शिक्षणाचा अभाव हाही स्मृतिभ्रंशाचा एक जोखीमघटक असल्याने प्रौढ शिक्षणाकडेही या दृष्टीने पाहता येईल. मात्र प्रारंभ अध्यापकांनी स्वतःपासून करावा, हे अधिक इष्ट. साठीनंतरच्या बुद्धीची काळजी चाळिशीतच घ्यावी लागते, आणि तिची पहिली पायरी म्हणजे स्वतःच्या रक्तदाबाचा आकडा माहीत असणे.