झेरॉक्समध्ये सगळी कार्डं करडी

एका मोठ्या दवाखान्याच्या गेटासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सगळ्यांचे उपचार सरकारनं करावेत का, हे मला सोलापुरात कुणाला विचारावं लागत नाही. मशीन गरम होईस्तोवर माणसं आपणहून बोलतात.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. रेशन कार्डाच्या प्रतींचा माझा धंदा तेव्हापासूनचा. पिवळं किंवा केशरी कार्ड असलं तर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार. पांढरं असलं तर माघारी. वर्षाचं उत्पन्न लाखाच्या वर गेलं की कार्ड पांढरं, म्हणजे महिना साडेआठ हजार कमावणाराही श्रीमंत! पुढं योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि १ जुलै २०२४ पासून रंगाची अट जाऊन मर्यादा पाच लाख झाली. माझ्या मशीनमधून तिन्ही कार्डं पहिल्या दिवसापासून करडीच निघत होती.

‘फुकट दिलं की किंमत राहत नाही, कर आम्ही भरायचा,’ असं दर आठवड्याला सुनावणारे एक कापड दुकानदार गेल्या वर्षी भावाच्या अँजिओप्लास्टीसाठी पांढऱ्या कार्डाची प्रत काढायला आले. मी हसलो नाही. वडिलांच्या वेळी ‘आधी डिपॉझिट भरा, कार्डाचं मागनं बघू’ असं एका दवाखान्यात ऐकून पंधरा हजार मीही मोजले होते.

अम्माचा हिशेब निराळा. ती सोलापूरच्या पूर्व भागातली, चाळीस वर्षं बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओली पानं, हातात कात्री. बोलताना नजर वर येत नाही. तिला बीपी आणि साखर. योजना दवाखान्यात दाखल होणाऱ्यांची. रोजच्या गोळ्यांना तिचा उपयोग नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात, पण रांगेत दुपार होते, आणि मजुरी तर हजार बिड्यांवर. ‘फुकटची गोळी मला पाचशे बिड्यांना पडते की रे,’ ती म्हणते.

बाहेरून घेतल्या तर पैसे जातात. एका मेडिकलच्या पोरानं झेरॉक्सला दिलेल्या कागदावर वाचलं : २०२१-२२ मध्ये देशात आरोग्यावर खर्च झालेल्या दर शंभर रुपयांतले ३९ रुपये ४० पैसे लोकांच्या खिशातून गेले.

‘फुकट’ या शब्दावर मात्र अम्मा चिडते. बिडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी १९७६ च्या कायद्यानं बिडीवरच सेस लावला होता. ‘आमच्याच बिडीचे पैसे होते ते, भीक न्हवती.’ जीएसटी आला आणि २०१७ मध्ये तो सेस गेला.

गोळ्या परवाच संपल्यात. आज चल म्हटलं तर म्हणाली, ‘मंगळवारी बघू. सोमवारी माल द्यायचाय.’