पॅण्टची एक मोहरी जास्त का दुमडावी लागते?

लालबागमधल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना त्यांचा शिंपी कधीच सांगून चुकला होता, ‘साहेब, तुमची उजवी मोहरी अर्धा इंच जास्त दुमडायला लागते.’ विशीत मोटारसायकलवरून पडून त्यांचे उजव्या मांडीचे हाड मोडले होते. हाड जुळले, पण जरा आखूड होऊन. पुढची वीस-पंचवीस वर्षे कंबरदुखीवर मालिश, पट्टा, वेदनाशामक गोळ्या असे सगळे झाले. पायांची लांबी मोजावी असे कोणाच्या मनात आले नाही.

दोन्ही पाय तंतोतंत सारखे असणारी माणसे मुळात थोडीच. एक्स-रेवर केलेल्या मोजमापांचा २००५ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा दहापैकी नऊ जणांत काही ना काही फरक आढळला. सरासरी ५ मिलिमीटरच्या आसपास. इतका फरक शरीर सहज पचवते. म्हणून कोणी टेबलावर आडवे झोपवून, टाचा जुळवून ‘तुमचा पाय आखूड आहे’ म्हटले आणि लगेच महागडे इनसोल पुढे केले, तर घाई करू नका. त्या तपासणीवर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

फरक मोठा असला की काय होते? कमरेच्या हाडांचे कडे आखूड पायाकडे कलते. त्यावर उभा असलेला मणका सरळ राहण्यासाठी उलट बाजूला वाकतो. लांब पायाच्या बाजूचा कमरेचा स्नायू, क्वाड्रेटस लम्बोरम, आखडून राहतो, तर दुसऱ्या बाजूचा ताणलेला. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला ग्लुटिअस मिडियस नावाचा स्नायू असतो. एका पायावर उभे असताना कंबर दुसऱ्या बाजूला ढळू न देणे हे त्याचे काम. त्यासाठी तो इतका जोर लावतो की, खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. लांब पायाच्या बाजूला हाच स्नायू ताणलेल्या अवस्थेत राबतो, लवकर थकतो. मग चाळीचे तीन जिने, परळचा रेल्वे पूल आणि डब्यात दांडी धरून उभ्याने प्रवास, एवढे झाले की संध्याकाळी कंबर बोलू लागते. लहानपणापासूनच्या फरकाशी शरीर बरेच जुळवून घेते. मोठेपणी अपघाताने किंवा खुबा बदलल्यानंतर आलेला फरक जास्त जाचतो.

कधी हाडे सारखीच असतात, पण एक तळवा सपाट असतो किंवा कमरेचे स्नायू आखडलेले असतात, आणि पाय आखूड भासतो. तिथे टाचेखाली काही घालण्यापेक्षा व्यायामच हवा. म्हणून आधी निदान. डॉक्टर कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेपने मोजतात. त्याहून बरी पद्धत म्हणजे आखूड पायाखाली ठरावीक जाडीच्या फळ्या ठेवत दोन्ही बाजूंची कंबर एका पातळीत येते का ते पाहणे. नेमका आकडा हवा असेल तर उभ्याने एक्स-रे.

उपाय साधा, पण सबुरीचा. दुखणे असेल तरच उंचवटा द्यायचा. एका वेळी ३ ते ५ मिलिमीटर, मग काही आठवडे थांबायचे. बुटाच्या आत साधारण १ सेंटिमीटरपर्यंत मावते, त्यापुढे तळच वाढवून घ्यावा लागतो. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत, जी १९५५ पासून आहे, कृत्रिम अवयव व आधारसाधनांचा विभाग आहे. तिथे चौकशी करता येईल.

आपल्याकडची खरी अडचण उंबरठ्यावर येते. बूट बाहेर निघतात आणि उंचवटाही बाहेरच राहतो. सकाळ-संध्याकाळ ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईचे तर बहुतेक काम अनवाणीच. अशांनी घरात वापरायच्या पट्ट्याच्या सपातांनाही तेवढीच जाडी लावून घ्यावी. जोडीला कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा.

मूल लंगडत असेल तर वाट पाहू नका. वाढीच्या वयात लांब पायाची वाढ योग्य वेळी थोपवून फरक भरून काढता येतो, ती संधी पुन्हा येत नाही. पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा रात्री झोपू न देणारी कंबरदुखी यांचा पायांच्या लांबीशी संबंध नसतो. तेव्हा लगेच डॉक्टर गाठा.

लालबागच्या त्या गृहस्थांच्या बुटात आता ८ मिलिमीटरची टाच आहे, घरच्या सपातेलाही तेवढीच. दुखणे पूर्ण गेलेले नाही, पण पट्टा सुटला आहे.