वेष्टनात बंद राहिलेला खेळ

नवी वस्तू घरात आली की ती वापरावी की ठेवणीत ठेवावी, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पैठणी आणि चांदीची भांडी यांच्यावरून तो पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. आता तोच प्रश्न व्हिडिओ गेमविषयी विचारला जात आहे. नवा खेळ विकत घ्यावा, पण त्याचे प्लास्टिकचे वेष्टन मुळीच फोडू नये, असे मानणारा संग्राहकांचा एक वर्ग आहे. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ सालच्या खेळाची न उघडलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली. वास्तविक हा खेळ दुर्मिळ नव्हे. जगभर त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. मग एवढी किंमत कशाची आली? ती न फोडलेल्या वेष्टनाची! मुलांनी खेळ घरी नेताच उघडले, म्हणूनच न उघडलेली प्रत विरळा झाली. अशा प्रतींना गुण देणाऱ्या कंपन्याही आहेत. खोक्याचे कोपरे व वेष्टनाची स्थिती पाहून त्या दहापैकी गुण ठरवितात आणि ती प्रत कठीण, पारदर्शक पेटीत बंद करतात. आतला खेळ चालतो की नाही, हे मात्र त्यांना पाहता येत नाही. कारण त्यासाठी वेष्टनच फोडावे लागेल.

परंतु बंद खोक्यातही काळ थांबत नाही. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ हा खेळ अमेरिकेत १९८७ साली आला. आज अर्धवट सोडलेला डाव उद्या तेथूनच पुढे खेळता यावा, म्हणून त्याच्या कार्ट्रिजमध्ये एक लहानशी बॅटरी बसविलेली होती. खेळ खेळला नाही तरी ही बॅटरी वर्षानुवर्षे झिजतच असते. उघडलेल्या प्रतीतील बॅटरी कुशल कारागीर बदलू शकतो. सीलबंद प्रतीतील कोण बदलणार? पुढील काळातील तबकड्यांमध्ये धातूचा चकचकीत पातळ थर असतो. त्यात हवा व ओलावा शिरला तर तो खराब होतो आणि तबकडी वाचता येत नाही. तेव्हा वेष्टन जपल्याने खोके जपले जाते. खेळ जपला जातोच असे नाही.

अलीकडच्या खेळांची गोष्ट तर आणखी निराळी. ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ साली तबकडीवर विकला गेला. पण तो चालण्यास कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी आवश्यक होती. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून उघडलेली व न उघडलेली तबकडी सारखीच निरुपयोगी ठरली. फरक एवढाच, की पहिलीच्या मालकाने नऊ वर्षे आनंद घेतला होता.

तर मग जपणूक कशाला म्हणावे? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली पाहणी केली. २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत, असे तीत आढळले. असे खेळ टिकवायचे तर कोणीतरी खोके उघडून, त्यातील माहिती वाचून तिची प्रत करून ठेवावी लागते. नवे वेष्टन कसे होते, हे पुढील पिढीला दाखविण्यासाठी काही प्रती बंद राहाव्यात, हेही योग्यच आहे. संग्राहकाने त्या खुशाल ठेवाव्यात. मात्र आपण खोके जपतो आहोत, हे त्याने ओळखून असावे.

परंतु मुलासाठी आणलेला खेळ भाव वाढेल या आशेने कपाटात ठेवणे हा निराळा व्यवहार आहे. उद्याचा भाव उद्याच्या गिऱ्हाइकाच्या हौसेवर अवलंबून; मुलाचे दहावे वर्ष मात्र त्याची वाट पाहत थांबत नाही. भर्तृहरीने धनाच्या तीनच गती सांगितल्या आहेत : दान, भोग आणि नाश. जो देतही नाही आणि भोगतही नाही, त्याच्या धनाला तिसरी गती ठरलेली. खेळाच्या बाबतीत पहिल्या दोन गती एकाच वेळी साधतात; वेष्टन फोडावे आणि शेजारच्या मुलालाही खेळायला बोलवावे.