इंजन तापले तर

आपल्या महागाव तालुक्यात पूस नदी पैनगंगेला मिळते. नदीकाठच्या पिकाला वेळेवर पाणी पाहिजे. वीज गेली, की डिझेलचे इंजन बाहेर निघते. अशी इंजने करण्याचा कारखाना किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला काढला. हे इंजन दणकट खरे, पण त्यालाही पाणी लागते.

इंजनात डिझेल जळते. त्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्साच कामी येतो. बाकीची धुरावाटे आणि पाण्यावाटे बाहेर जाते. पाणी अडले की उष्णता आत कोंडते. तेल पातळ होते. पिस्टन फुगतो आणि अडकून बसतो. मग दुरुस्तीचा खर्च, आणि इकडे गहू वाळतो!

नदीवरच्या पुष्कळ इंजनांना वेगळी टाकी नसते. पंपाने उपसलेले थोडे पाणी बारीक नळीने इंजनात शिरते, आत फिरते आणि गरम होऊन बाहेर पडते. ही बाहेरची धार म्हणजे इंजनाची नाडी. कोकणात मच्छिमारांच्या काही होड्यांची इंजने समुद्राच्या पाण्याने थंड होतात. तेही होडीच्या कडेने पडणाऱ्या अशाच धारेवर नजर ठेवतात.

धार बारीक झाली, वाफ येऊ लागली, तर इंजन हळू करावे आणि बंद करावे. लगेच गार पाणी ओतू नये. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काय होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. इंजनाचे बीड तसेच तडकते. रेडिएटर असेल तर त्याचे झाकणही गरमपणी उघडू नये. वाफ तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास दम धरावा.

इंजन निवल्यावर पाण्याच्या वाटेने चालत जावे. नदीतला फुटव्हॉल्व्ह पाण्यात बुडालेला आहे ना? त्याच्या जाळीत शेवाळ, पालापाचोळा, प्लास्टिकची पिशवी अडकते. पुराच्या गढूळ पाण्याने तर आत काळ्या मातीचा लगदा होतो. मग बारीक नळी पाहावी. ती कुठे मुडपली असेल, तिचा कॉक अर्धाच उघडा असेल. नळी इंजनापासून सोडवून पंप थोडा वेळ चालवावा. धार जोरात आली तर अडचण इंजनाच्या आत आहे. नाही आली, तर बाहेर.

आत बहुधा क्षार बसलेला असतो. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो ना, तोच हा. तो थर उष्णतेला पाण्यापर्यंत पोचू देत नाही. तो काढणे मिस्त्रीचे काम. छिन्नी घेऊन आपण बसू नये.

तेलाची पातळी मात्र आपणच पाहावी. बाहेर पडणाऱ्या पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील, तर हेडची गॅस्केट गेली असण्याचा संभव असतो. मिस्त्रीला बोलावताना एवढे सांगावे: धार कशी होती, तेल किती होते, बुडबुडे होते की नाही. त्याचा अर्धा दिवस वाचतो, आपली मजुरीही.