पाहण्यापूर्वी दिलेले भाडे : स्वस्त निवासगृहांतील आरक्षण आणि परताव्याचा हक्क

महाराष्ट्रातील प्रवाशाची जुनी रीत अशी होती की, गावी पोहोचावे, दोन-चार ठिकाणी चौकशी करावी, खोली उघडून पाहावी, नळाला पाणी येते किंवा नाही याची खात्री करून घ्यावी आणि मगच लॉजच्या वहीत नाव लिहावे. पंढरपूर-नाशिकच्या यात्रेकरूस एवढेही करावे लागत नसे. तो क्षेत्रोपाध्यांच्या घरी किंवा धर्मशाळेत उतरे, आणि तेथे फुकट मिळालेल्या निवाऱ्याविषयी तक्रार करण्याचे त्याच्या मनातही येत नसे. (आजचा ग्राहक संरक्षण कायदाही विनामूल्य सेवेस आपल्या कक्षेबाहेरच ठेवतो.) मोबाईलवरून खोली राखून ठेवण्याची सोय झाल्यापासून हा क्रम नेमका उलटला आहे. भाडे आधी दिले जाते आणि खोली नंतर दिसते. स्वस्त निवासगृहांच्या व्यवहारांत जे तंटे उद्भवतात, त्यांपैकी पुष्कळांचे मूळ ह्या उलटलेल्या क्रमात आहे. डोळ्यांनी पाहण्याची जागा एकदा वर्णनाने घेतली म्हणजे त्या वर्णनालाच कराराचे मोल येते, आणि परताव्याचा हक्कही अखेरीस त्या वर्णनावरच उभा राहतो.

प्रथम ‘बजेट हॉटेल’ ह्या शब्दाचा विचार करणे अवश्य आहे. ही संज्ञा व्यापाराची आहे, कायद्याची नव्हे. भारत सरकारचे पर्यटन मंत्रालय निवासगृहांची एक ताऱ्यापासून पंचतारांकित डीलक्सपर्यंत वर्गवारी करते. परंतु ती वर्गवारी ऐच्छिक असल्यामुळे असंख्य लहान निवासगृहे तिच्या बाहेरच राहतात. आरक्षणाच्या ॲपवर अशा निवासगृहाच्या नावापुढे जे तारे दिसतात, ते कंपनीने किंवा पूर्वीच्या पाहुण्यांनी दिलेले असतात; त्यांमागे सरकारी तपासणी असेलच असे नाही. दरांवरही आज तसे नियंत्रण नाही. मुंबई राज्यात १९४७ च्या भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण अधिनियमान्वये लॉजिंग हाऊसचे रास्त दर ठरवून देण्याची तरतूद होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि तो जुना कायदा रद्द झाला. सारांश, स्वस्त खोली कशी असावी हे सांगणारे कोणतेही सरकारी माप प्रवाशाच्या हाती नाही. माप आहे ते फक्त दोन पक्षांमधील बोलणीचे.

ह्या बोलणीत अपेक्षांचे दोन थर असतात. पहिला न बोललेल्या अपेक्षांचा. दाराला आतून कडी असावी, चादर धुतलेली असावी, पाणी असावे, विजेच्या तारा उघड्या नसाव्यात, ह्या गोष्टी जाहिरातीत लिहिलेल्या नसल्या तरी राहण्याजोग्या खोलीच्या कल्पनेतच त्या अंतर्भूत आहेत. भाडे कितीही कमी असले तरी त्यांच्यावाचून खोलीला खोली म्हणता येणार नाही. दुसरा थर बोललेल्या अपेक्षांचा. वातानुकूलन, न्याहारी, स्थानकापासूनचे अंतर, खिडकी, स्वतंत्र स्नानगृह ह्या गोष्टी सांगितल्या असतील तरच मागता येतात. मात्र एकदा सांगितल्या की त्या पूर्णपणे मागता येतात. ‘एवढ्या पैशांत आणखी काय मिळणार?’ हा काउंटरवरचा नेहमीचा प्रश्न ह्या दोन थरांची गल्लत करतो. कमी दरामुळे भिंतीचा रंग, गादीची जाडी, नोकराची तत्परता यांविषयीची अपेक्षा कमी होते, आणि ती प्रवाशाने कमी करावयासच हवी. परंतु जे स्पष्टपणे कबूल केले आहे, त्याला दराची सबब लागू पडत नाही. बाराशे रुपयांच्या खोलीत वातानुकूलन यंत्र असल्याचे लिहिले असेल, तर ते यंत्र चालले पाहिजे. त्याचा आवाज होतो, ही तक्रार मात्र फारशी टिकणार नाही.

वर्णनाचे हे मोल एका इंग्लिश खटल्यात फार ठळकपणे दिसले. ‘जार्व्हिस विरुद्ध स्वान्स टूर्स’ ह्या १९७३ च्या निर्णयवृत्तांतील प्रकरणात एका गृहस्थाने माहितीपत्रक वाचून स्वित्झर्लंडमधील सुट्टीसाठी ६३ पौंड ४५ पेन्स भरले होते. पत्रकात घरगुती मेळाव्याची मौज सांगितली होती. प्रत्यक्षात दुसऱ्या आठवड्यात त्या निवासगृहात ते एकटेच पाहुणे उरले. इंग्रजी बोलणारा यजमान नव्हता. आणि पर्वतगीतांच्या संध्याकाळी एक स्थानिक माणूस कामाच्या कपड्यांतच येऊन चार-पाच गाणी म्हणून निघून गेला. अपील न्यायालयाने १२५ पौंड भरपाई दिली, म्हणजे भरलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. निवारा मिळाला होता, झोपावयास जागा मिळाली होती. मिळाले नव्हते ते वर्णिलेले सुख, आणि त्याच्या अभावालाही किंमत आहे असे न्यायालयाने मानले. हा निर्णय भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही. तथापि, वर्णन म्हणजे केवळ अलंकार नव्हे, हे त्यावरून ध्यानी येते.

आता उलट बाजू. प्रवाशानेच बेत रद्द केला तर काय? बहुतेक स्वस्त आरक्षणांवर ‘परतावा मिळणार नाही’ असा शेरा असतो, आणि तो वाचून प्रवासी निमूटपणे रकमेवर पाणी सोडतो. वस्तुतः भारतीय कायद्याची भूमिका इतकी सरळ नाही. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारभंगासाठी आधीच ठरवून ठेवलेली रक्कम ही मर्यादा होय. त्या मर्यादेच्या आत जी भरपाई वाजवी ठरेल तेवढीच मिळते. ‘फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास’ (१९६३) ह्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आधीच भरलेली रक्कम जप्त करण्याच्या अटीसही लावले. तेथे १,१२,५०० रुपयांच्या सौद्यात विकणाऱ्याने २५,००० रुपये अडकवून ठेवले होते. त्यांपैकी विसार म्हणून दिलेले १,००० रुपये त्याच्याकडे राहू दिले गेले. उरलेले २४,००० जप्त करण्याचा अधिकार त्याला नाही, असे ठरले. पुढे ‘मौला बक्ष विरुद्ध भारत संघराज्य’ (१९६९) ह्या प्रकरणात लष्कराला बटाटे, अंडी, कोंबड्या पुरविण्याच्या कंत्राटातील १८,५०० रुपयांची अनामत सरकारने जप्त केली होती. बटाटे दुसरीकडून कोणत्या भावाने घ्यावे लागले हे सरकारला दाखविता आले असते, ते दाखविले नाही. म्हणून जप्ती टिकली नाही. ‘कैलासनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण’ (२०१५) ह्या निर्णयाने हाच धागा पक्का केला: नुकसान झालेलेच नसेल तर भरपाई नाही, आणि नुकसान सिद्ध करणे शक्य असेल तर ते सिद्ध करावयास हवे.

बटाट्यांचा हा न्याय खोलीला लावून पाहण्यासारखा आहे. महाबळेश्वरच्या बारा खोल्यांच्या एका निवासगृहाची कल्पना करावी. दर रात्रीस १,४०० रुपये, तीन रात्रींचे ४,२०० रुपये आगाऊ भरलेले. मे महिन्यातील आरक्षण प्रवाशाने वीस दिवस आधी रद्द केले आणि त्या तिन्ही रात्री निवासगृह भरलेले राहिले, तर मालकाचे नुकसान जवळजवळ शून्य होय. संपूर्ण ४,२०० रुपये ठेवून घेण्यास वाजवी भरपाई म्हणणे कठीण आहे. त्याच निवासगृहात ऐन पावसाळ्यात, रात्री नऊ वाजता, प्रवासी येत नसल्याचे कळवितो, तेव्हा चित्र पालटते. रिकामी गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. हा माल भाजीहूनही नाशवंत आहे. पहिल्या रात्रीचे भाडे, धुलाई-गरम पाण्याचा वाचलेला खर्च वजा जाता, मालकाने ठेवणे न्याय्यच ठरेल. पुढील दोन रात्रींसाठी मात्र त्याने दुसरा गिऱ्हाईक शोधण्याचा प्रयत्न करणे कलम ७३ च्या स्पष्टीकरणास धरून आहे. विसार आणि उर्वरित आगाऊ रक्कम यांत १९६३ च्या निर्णयाने जो भेद केला, त्या विचारसरणीने एका रात्रीचे भाडे राखून बाकीचे परत करणारी अट सर्व रक्कम गिळणाऱ्या अटीपेक्षा अधिक टिकाऊ दिसते.

येथे मालकाच्या बाजूचा एक मुद्दा डावलून चालणार नाही. एकाच खोलीचे दोन दर शेजारी शेजारी दाखविले असतील, परताव्यासह १,४०० आणि परताव्यावाचून १,१५०, तर दुसरा दर निवडणाऱ्याने अडीचशे रुपयांच्या मोबदल्यात बेत मोडण्याची जोखीम जाणून-बुजून पत्करलेली असते. अशा प्रवाशाची तक्रार दुबळी राहील, आणि तसेच असावयास हवे. जेथे एकच दर आहे व शेरा बारीक अक्षरांत दडलेला आहे, तेथील गोष्ट निराळी.

अट केव्हा सांगितली, ह्यालाही तितकेच महत्त्व आहे. ‘ऑली विरुद्ध मार्लबरो कोर्ट’ (१९४९) हा खटला नेमका निवासगृहाचाच. पाहुणीचे सामान खोलीतून चोरीस गेले. खोलीच्या भिंतीवर, वस्तू हरवल्यास मालक जबाबदार नाहीत, अशी सूचना लावलेली होती. करार खाली काउंटरवर आधीच पुरा झाला असल्यामुळे नंतर दृष्टीस पडलेली सूचना त्याचा भाग होऊ शकत नाही, असा निवाडा झाला. आपल्याकडील कितीतरी भिंतींवरील पाट्या ह्या कसोटीवर उतरणार नाहीत. पैसे घेऊन झाल्यावर दारात ‘स्थानिक ओळखपत्र चालत नाही’ म्हणून सांगणे हा त्यांतला सर्वांत त्रासदायक प्रकार. अशी अट भाडे घेण्यापूर्वी कळविली नसेल, तर प्रवेश नाकारणे हा निवासगृहाकडून झालेला करारभंगच होय. कलम ३९ प्रमाणे प्रवाशास करार संपुष्टात आणता येतो, आणि कलम ७५ प्रमाणे त्यामुळे सोसावे लागलेले नुकसानही मागता येते.

संविदा कायद्याच्या ह्या जुन्या पायावर गेल्या काही वर्षांत ग्राहक कायद्याची नवी भिंत उभी राहिली आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘सेवा’ ह्या शब्दात राहण्या-जेवण्याची सोय स्पष्टपणे समाविष्ट आहे. सदोष सेवेचे पैसे पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांत परत न करणे, ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. ई-कॉमर्सविषयक २०२० च्या नियमांनी दोन गोष्टी केल्या. जाहिरातीत सांगितलेले गुणविशेष सेवेत नसतील तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही; आणि ई-कॉमर्स संस्था स्वतः आरक्षण एकतर्फी रद्द करताना जर तसेच शुल्क सोसत नसेल, तर ग्राहकाकडूनही तिला रद्द-शुल्क घेता येत नाही. हा दुसरा नियम परस्परतेच्या तत्त्वावर आधारलेला असून तो पुरेसा परिचित नाही, ही खेदाची गोष्ट आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ग्राहकाला फसविणाऱ्या तेरा मांडण्यांची यादी दिली. त्यांतील खोट्या घाईच्या प्रकाराचे उदाहरण म्हणून ‘दोनच खोल्या शिल्लक’ छापाचा मजकूरच घेतलेला आहे. शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवीत जाणे, न मागितलेला विमा किंवा देणगी बिलात घुसडणे, हेही त्याच यादीत येते.

व्यवहारात मात्र प्रवाशासमोर दोन तोंडे असतात. निवासगृह म्हणते, पैसे कंपनीकडे आहेत. कंपनी म्हणते, निवासगृहाची संमती हवी. प्रतिनिधित्वाच्या सर्वसाधारण तत्त्वाप्रमाणे प्रतिनिधीने अधिकारात राहून केलेला करार मालकास बांधतो, म्हणून पहिली सबब प्रवाशाविरुद्ध चालत नाही. दुसरीबाबत नियमांनी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि एका महिन्यात निराकरण असे बंधन घातले आहे. तक्रारीत दोघांनाही पक्षकार करणे श्रेयस्कर. लहान मालक ह्या त्रिकोणात नेहमीच बलवान असतो असेही नाही. दलाली, सवलतीचा भार आणि इतरत्र कमी दर न लावण्याच्या अटी त्याच्यावरही लादल्या जातात. परंतु तो त्याचा आणि कंपनीचा हिशेब झाला.

दाद मागण्याच्या मार्गात एक अडचण अभ्यासकांनी विशेष पाहण्यासारखी आहे. करारातील एखादी अट अन्याय्य म्हणून शून्य ठरविण्याचा अधिकार २०१९ च्या कायद्याने राज्य व राष्ट्रीय आयोगांस दिला आहे, जिल्हा आयोगास नाही. चार हजारांच्या परताव्यासाठी राज्य आयोगाकडे कोण जाणार? ह्यावर व्यवहार्य उपाय असा की, जिल्हा आयोगापुढे अटीच्या वैधतेचा प्रश्न मुख्य न करता सेवेतील न्यूनता आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर तक्रार मांडावी. १९८६ च्या कायद्याखाली सामान्यतः विरुद्ध पक्षाच्या गावी किंवा जेथे तक्रारीचे कारण घडले तेथे जावे लागे. आता तक्रारदार राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार करता येते. कोल्हापूरच्या विद्यार्थ्यास गोव्यातील निवासगृहाविरुद्ध कोल्हापुरातच दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क नाही, आणि वकील देण्याची सक्ती नाही. त्याआधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर कळविल्याने काही प्रकरणे परस्पर मिटतात.

पुराव्याचा भार मात्र तक्रारदाराच्याच शिरावर असतो, आणि जाहिरातीचे पान केव्हाही बदलू शकते. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच वर्णन, छायाचित्रे व रद्द करण्याच्या अटी यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत. जी गोष्ट अत्यावश्यक आहे, उदाहरणार्थ वृद्ध आईसाठी तळमजल्यावरील खोली, ती लेखी विचारून लेखी उत्तर मिळवावे. खोली वर्णनाशी जुळत नसेल तर सामान ठेवण्यापूर्वीच हरकत नोंदवून संदेश पाठवावा. रात्रभर राहून सकाळी संपूर्ण परतावा मागणाऱ्याची बाजू लंगडी पडते. रात्री अकरा वाजता परक्या गावी दुसरा इलाज नसल्यामुळे राहावेच लागले, तर तसे त्याच वेळी लिहून कळवावे, म्हणजे निदान दरातील फरकाची मागणी शाबूत राहते. तक्रार दाखल करण्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.