पाच नावांचा चौक

पालघर स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला ‘हुतात्मा चौक’ म्हटलं तरी कळतं. पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव ‘पाचबत्ती’. बाजाराच्या पिशव्या सावरत माणसं घाईघाईने रस्ता ओलांडतात, रिक्षा वळण घेतात आणि या वर्दळीत हुतात्मा स्तंभ उभा असतो. तालुक्याच्या इतिहासाचं सर्वांत मोलाचं पान इथे आहे, भर रस्त्यात.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला. सहाव्या दिवशी, १४ ऑगस्टला, आसपासच्या गावांतून लोक पालघरच्या कचेरीवर मोर्चा घेऊन निघाले. पोलिसांनी गोळीबार केला. काशिनाथ हरी पागधरे, रामचंद्र महादेव चुरी, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मा झाले.

ही नावं वाचताना त्यांची गावंही आठवावीत. पागधरे सातपाटीचे, पापलेटसाठी नावाजलेल्या मच्छीमारांच्या बंदरातले. चुरी खाडीपलीकडच्या मुरब्याचे. ठाकूर उत्तरेला, बोईसरच्या अंगाला असलेल्या नांदगावचे. तिवारी इथलेच, पालघरचे. या गावांवरून आणि आडनावांवरूनच कळतं की तो मोर्चा कुणा एका गावाचा किंवा एका जातीचा नव्हता. पाच नावांत अख्खा किनारा सामावला आहे. दरवर्षी १४ ऑगस्टला पालघरकर इथे जमतात आणि त्यांना मानवंदना देतात.

इथून कोणत्याही दिशेला निघा, रस्ता काही ना काही सांगतोच. मनोरच्या वाटेवर वाघोबाची खिंड लागते. गाड्या थांबतात, नारळ फुटतो. वारल्यांनी आणि कोळ्यांनी ज्याच्याशी जंगल वाटून घेतलं, त्या वाघाचं हे ठाणं. दगडावर किंवा लाकडावर वाघ कोरायचा, वर चंद्र-सूर्य काढायचे आणि शेंदूर लावायचा, ही इथली जुनी रीत. अक्षर नसलं तरी हीसुद्धा खूणच आहे: इथून पुढे रान कुणाचं, ते ती सांगते.

उत्तरेला बोईसर ओलांडून गेलात की तारापूर. हे नाव देशाला माहीत झालं ते १९६९ साली सुरू झालेल्या भारतातल्या पहिल्या अणुवीज केंद्रामुळे. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. माणसांनी नव्या जागी जाताना गावाचं नाव सोबत नेलं. म्हणून तिथली गावाच्या नावाची पाटी वाचताना ती नुसती दिशा दाखवत नाही, हे लक्षात ठेवावं. तारापूरचा किल्ला त्याहून कितीतरी जुना, पोर्तुगीजांच्या काळातला. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला, तेव्हा बाजी भिवराव रेठरेकर इथे कामी आले. वसई पडली ती त्यानंतर, मे महिन्यात. वसईच्या विजयाची किंमत मराठ्यांनी आधी तारापुरात मोजली होती.

तारापूरला लागूनच चिंचणी. १९५५ साली इथे ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळी संजाण प्रांताचा कारभार मधुमती सुगतिप नावाच्या अरब अधिकाऱ्याकडे होता, असं त्यात लिहिलं आहे. लोकांना नदी ओलांडता यावी म्हणून त्याने मोफत होड्या ठेवल्या, वाटसरूंसाठी अन्नसत्र घातलं, आणि देवीच्या मठिकेला दान मिळालं तेही त्याच्याच अमदानीत. हजार वर्षांपूर्वीचा एक कारभारी नदीचा उतार आणि गरम भात यांसाठी लक्षात राहिला. मला या साऱ्या पट्ट्यातली ही सर्वांत सुंदर नोंद वाटते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. जिल्हा नवा असला तरी त्याच्या खुणा जुन्या आहेत, आणि त्या रस्त्याकडेला असल्याने धूळ, जाहिरातींचे फलक आणि रुंदीकरण यांचा पहिला मार त्यांनाच बसतो. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी मनावर घेतलं, तर प्रत्येक खुणेजवळ चार ओळींचा मराठी फलक लावणं अवघड नाही. आणि आपल्याला करण्यासारखं तर त्याहून सोपं आहे. पुढच्या वेळी पाचबत्तीवरून जाताना दोन मिनिटं थांबा. सोबत मूल असेल तर ती पाच नावं त्याला मोठ्याने वाचून दाखवा.